जुन्या स्नोमोबाइल इंजिनातील पुनर्बांधणीनंतरचे बिघाड

बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबाइलचे इंजिन नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि सील घालून बांधल्यावर ते सुरूच न होणे, जोर न देणे किंवा थोड्याच वेळात जाम होणे, अशा बिघाडांचा शोध. 1959 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात बोम्बार्डिए यांची स्की-डू बाजारात आली. त्यानंतरच्या दोन दशकांतील बहुतेक स्नोमोबाइलना हवेने थंड होणारी, एक किंवा दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिने होती. ही नोंद त्या इंजिनांपुरती आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखा तळाचा तेलसाठा किंवा हेडमधल्या झडपा नसतात. पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात असतो त्या खालच्या कप्प्यात) येते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. क्रँककेसला कुठेही बारीक गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोलचे प्रमाण घटते आणि त्यासोबत वंगणही घटते. म्हणूनच ‘सगळे नवीन घातले, तरी परत जाम झाले’ या तक्रारीमागे बहुधा पहिल्या वेळी इंजिन ज्यामुळे गेले तेच कारण असते. ते कारण सापडण्याआधी दुसरा पिस्टन घालणे म्हणजे तोही घालवणे.

इंजिन उघडताच पिस्टन पुसू नये. ओरखडे कुठे आहेत त्यावरून बरेच कळते. चार कोपऱ्यांत समान उभे पट्टे असतील, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापून फुगला आहे. थंड इंजिनावर एकदम जोर टाकणे किंवा पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांतील फट कमी ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर पेट्रोल किंवा तेल कमी पडल्याचा संशय घ्यावा. माथा वितळून भोक पडले असेल किंवा कडा कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर ठिणगी फार आधी पडत आहे किंवा मिश्रण फार विरळ आहे. सगळीकडे बारीक, राखाडी घासलेपण म्हणजे होनिंगची (बोअर आतून दगडाने घासण्याची) पूड आत राहिली. होनिंगनंतर बोअर गरम साबणपाण्याने ब्रशने धुवावा. तेल लावून पुसलेले पांढरे फडके पांढरेच राहीपर्यंत धुणे थांबवू नये; नुसत्या पेट्रोलने ही पूड निघत नाही.

रिंगा तुटल्या असतील तर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांच्या, कडा पाहाव्यात. रिबोअर केल्यावर (बोअर कापून मोठा केल्यावर) त्या धारदार होतात. त्या घासून किंचित गोल केल्या नाहीत, तर रिंग खिडकीत अडकते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा; उलटा बसवल्यास रिंगेची टोके पोर्टसमोर येतात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांतील फट फिलर गेजने मोजावी. बोअरच्या दर 25 मिमीमागे साधारण 0.1 मिमी, म्हणजे 60 मिमी बोअरला 0.25 मिमीच्या आसपास, हा अंदाज चालतो. त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकडा मिळाला तर तोच धरावा. गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप, म्हणजे ती जागी धरणाऱ्या कड्या, नेहमी नवे घालावेत.

यानंतरची दाब-चाचणी ही सर्वांत मोलाची तपासणी आहे, आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबरी बूच किंवा पत्रा लावून बंद करावीत, प्लगच्या जागी किंवा पल्स नळीतून (क्रँककेसमधून इंधनपंपाकडे जाणाऱ्या नळीतून) 5 ते 6 पौंड प्रति चौरस इंच दाब द्यावा आणि काही मिनिटे गेजवर नजर ठेवावी. मिनिटाला एक पौंडापेक्षा जास्त उतार असेल, तर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी: क्रँकचे ऑइल सील, केसच्या दोन अर्ध्यांचा सांधा, सिलिंडरखालचे पॅकिंग, कार्बोरेटरचे रबरी फ्लँज. दाब जास्त दिल्यास सीलची कड उलटते. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येकाचा क्रँककेस कप्पा वेगळा असतो, म्हणून दोन्हींची चाचणी स्वतंत्र करावी. मॅग्नेटोमागचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागामागचे) सील चकत्यांआड दडलेले असल्यामुळे तिथली गळती सहज नजरेतून सुटते.

ठिणगीची वेळ (टायमिंग) पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या विद्युत संपर्कांवर, ठरते. बॉशच्या मॅग्नेटोमध्ये पॉइंटची फट साधारण 0.35 ते 0.45 मिमी ठेवतात. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. म्हणून आधी फट, मग टायमिंग हा क्रम पाळावा. प्लगच्या भोकातून डायल गेज घालून पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतात ते मोजावे, आणि दोन्ही सिलिंडरवर मोजावे. फ्लायव्हीलची चावी अर्धवट कापली गेली असेल तर स्टेटरवरची (मॅग्नेटोच्या स्थिर भागावरची) खूण फसवते. या इंजिनांचे क्रँक दाबून जोडलेले असतात. आधीच्या जामाच्या झटक्याने जोड फिरलेला असू शकतो. तेव्हा दोन सिलिंडरच्या वरच्या बिंदूंमधील अंतर 180 अंश राहत नाही, एकाची वेळ जुळवली की दुसऱ्याची बिघडते. असा क्रँक प्रेसवर सरळ करून घ्यावा लागतो.

टिलोटसन कंपनीच्या कार्बोरेटरमधील जुनी डायफ्राम (रबरी पडदे) इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने कडक होतात आणि उच्च वेगाला पेट्रोल कमी पडते. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छोटे भोक) तापमानानुसार बदलावा लागतो: शून्य अंशाला बरोबर असलेले मिश्रण उणे 25 अंशांना विरळ ठरते, कारण हवेची घनता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. आणखी एक गोष्ट, सुरुवातीच्या काळात काळजीपोटी तेलाचे प्रमाण दुप्पट केले, तर त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल थोडे घटते. तेल वाढवायचे तर जेटही एक क्रमांक मोठा घ्यावा.

पंख्याचा पट्टा सैल असणे, सिलिंडरभोवतीचे पत्रे परत न बसवणे, सायलेन्सरमध्ये उंदरांचे घरटे असणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण इंजिन तापवून घालवायला पुरेशा आहेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन गरम होऊ द्यावे, मग पूर्ण गार करावे. हे दोन-तीनदा करावे. हेडचे नट गार इंजिनावर आडव्या क्रमाने परत कसावेत. त्यानंतर पहिली टाकी संपेपर्यंत पूर्ण थ्रॉटल सलग धरू नये.