मुंबई लोकलचे रेक : 1500 व्होल्टपासून बंद दारांपर्यंत

मुंबईच्या लोकलचा ताफा एका दमात कधीच बदलला गेला नाही. प्रत्येक नव्या रेकला, म्हणजे डबे जोडून तयार झालेल्या अख्ख्या गाडीला, जुन्या विजेच्या तारेखाली, जुन्या पुलांखालून आणि जुन्या फलाटांना लागून धावावे लागले. म्हणून इथली रचना आणि डागडुजी समजून घ्यायची तर डब्याच्या आत काय आहे याइतकेच त्याच्या वर आणि खाली काय आहे हेही पाहावे लागते.

3 फेब्रुवारी 1925 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते देशातली पहिली विजेची गाडी सुरू झाली. तेव्हाच्या बॉम्बे व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने, सुमारे 16 किमी. चार डबे, तारेत 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). जीआयपी (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) रेल्वेने हार्बरपासून सुरुवात करण्यात अर्थ होता. हा मार्ग शहरात शिरताना उन्नत पुलावर चढतो. पाच-सात मिनिटांनी थांबत चढण चढायची आणि प्रत्येक वेळी शून्यापासून वेग घ्यायचा, हे वाफेच्या इंजिनाला जड जात असे. पाठोपाठ 1928 मध्ये बीबी अँड सीआय (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेखाली आणले आणि 1936 मध्ये तार विरारला पोहोचली.

त्या पहिल्या पिढीत ठरलेल्या तीन गोष्टी पुढच्या सगळ्या रेकांना पुरल्या किंवा नडल्या. पहिली, 1500 व्होल्ट डीसी. दुसरी, डब्याची 12 फूट म्हणजे 3.66 मीटर रुंदी. लांब पल्ल्याचा नेहमीचा डबा 3.25 मीटरच्या आसपास असतो. उभ्या प्रवाशांची जी प्रचंड संख्या लोकल वाहते, तिचा मोठा वाटा या जास्तीच्या रुंदीचा आहे. तिसरी, रुंद आणि प्रत्यक्षात कायम उघडी राहणारी दारे.

जुन्या डीसी रेकचे यंत्र सरळ होते. एक मोटरकोच (मोटरी असलेला डबा) आणि दोन ट्रेलर (मोटरी नसलेले डबे) मिळून एक युनिट. तीन युनिटांची नऊ डबा, चारांची बारा डबा. मोटरकोचखाली चार मोटरी. निघताना चारही एका माळेत, म्हणजे प्रत्येकीला साधारण 375 व्होल्ट. वेग आला की दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकीला 750. मधले टप्पे रोधकांनी (प्रवाहाला अडवणाऱ्या भागांनी) सांभाळायचे आणि ते एकेक करून काढायला कॅमशाफ्ट, म्हणजे फिरत फिरत संपर्क उघडमीट करणारा दांडा. प्रत्येक सुटण्याच्या वेळी विजेचा बराच भाग या रोधकांत नुसता उष्णता होऊन जात असे. थांबताना गाडीची सगळी गती ब्रेकच्या ठोकळ्यांत झिजायची. कॅमशाफ्टचे संपर्क जळणे, मोटरीचे कार्बन ब्रश झिजणे, कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागावर) ठिणग्या उडून फ्लॅशओव्हर, म्हणजे विजेचा भडका, होणे, हे कारशेडचे रोजचे काम. आधी आयात डबे, मग जेसप कंपनी आणि चेन्नईचा रेल्वेचा डबे कारखाना आयसीएफ, यंत्रसामग्री सरकारी कंपनी भेलची, असा देशी बनावटीकडे प्रवास झाला, तरी मूळ तत्त्व अनेक दशके तेच राहिले.

अडचण तारेत होती. ढोबळ हिशेब असा : सुटताना एका रेकला 3 मेगावॉट लागले, तर 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर खेचावे लागतात. 25,000 व्होल्ट एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर) तेवढ्याच शक्तीला 120 अँपिअर पुरतात. डीसीमध्ये म्हणूनच जाड तांब्याची तार आणि काही किलोमीटरवर एकेक सबस्टेशन लागते. तरीही एकाच टापूत तीन-चार गाड्या एकदम सुटल्या की व्होल्टेज खाली बसते आणि सगळ्याच मंदावतात. 1986 मध्ये पश्चिम रेल्वेवर बारा डबा आली, 2009 मध्ये पंधरा डबा. डबे वाढवणे म्हणजे निव्वळ फलाट लांबवणे नव्हते, तारेतून येणारी शक्तीही वाढवावी लागत होती. ती 1500 व्होल्टमध्ये उरली नव्हती.

1999 मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले आणि जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपी या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाचे काम सुरू झाले. शहर बंद ठेवून तार बदलता येत नाही, म्हणून आधी गाड्या बदलल्या. काही जुन्या डीसी रेकांवर दोन्ही व्होल्टेजची यंत्रणा चढवून त्यांना ‘रेट्रोफिट’ केले गेले. नवे रेक तर पहिल्यापासून एसी-डीसी बांधले गेले. अशा मोटरकोचमध्ये ट्रान्सफॉर्मर, छतावर एसी-डीसी बदलणारा स्विच, शिवाय डीसीसाठी वेगळा जलद ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) असा दुहेरी बोजा होता. डीसी आणि एसी टापूंच्या सीमेवर वीज नसलेला तुकडा असतो. मोटरमनने त्याआधी ब्रेकर उघडायचा, वेगावर तो तुकडा ओलांडायचा, पलीकडचे व्होल्टेज ओळखले गेल्यावरच ब्रेकर लावायचा. 25 हजार व्होल्टखाली छतावरचा स्विच डीसीवर राहिला तर परिणाम भयंकर, म्हणून व्होल्टेज ओळखणारी रिले आणि स्विच यांचे इंटरलॉक (एक जुळल्याशिवाय दुसरे चालू न देणारी सोय) ही तपासणीतली सर्वांत कडक बाब होती.

12 नोव्हेंबर 2007 रोजी सीमेन्सच्या यंत्रणेचा पहिला रेक धावला. पिवळ्या-तपकिरी गाड्यांमध्ये पांढरा-जांभळा रंग लगेच नजरेत भरला. खरा फरक मात्र खाली होता. थ्री-फेज मोटरींना ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही. आयजीबीटी कन्व्हर्टरमुळे (मोटरीला हवी तशी वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे) रोधकांची गरज संपली. ब्रेक लावताना मोटरीच जनरेटर होतात आणि सुमारे 30 ते 35 टक्के वीज तारेत परत जाते. ही बचत डीसीमध्ये पूर्ण पदरात पडत नाही, कारण डीसी सबस्टेशनचा रेक्टिफायर वीज उलटी घेत नाही. त्याच टापूत दुसरी गाडी वीज खेचत असेल तरच ती खपते. नसेल तर तारेचे व्होल्टेज चढते आणि गाडीला ब्रेकच्या ठोकळ्यांवर यावे लागते. एसी सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर तीच वीज मागे जाऊ देतो. नव्या रेकांचे पूर्ण मोल म्हणूनच तार बदलल्यावर कळले.

दुसरा बदल स्प्रिंगचा. रेल्वेच्या हिशेबात ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरवर 14 ते 16 उभे प्रवासी. अशा भारात लोखंडी स्प्रिंग दबतात, डब्याचा तळ खाली येतो आणि बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या) चौकटीच्या जोडांवर ताण बसून तडे जातात. एअर स्प्रिंगमध्ये भार वाढला की लेव्हलिंग व्हॉल्व्ह आपोआप हवा भरतो आणि तळ त्याच उंचीवर राहतो. स्प्रिंग फुटली तर डबा आतल्या रबरावर टेकतो, मग वेग उतरवून गाडी शेडला न्यावी लागते. तिसरा बदल हवेचा. छतावरचे ब्लोअर बाहेरची हवा जोराने आत लोटतात. गच्च भरलेल्या डब्यात खिडक्यांतून येणारी हवा मधल्या माणसापर्यंत पोहोचतच नाही, हे या रेकमध्ये पहिल्यांदा गांभीर्याने घेतले गेले.

तार बदलण्याचे काम पश्चिम रेल्वेवर फेब्रुवारी 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून 2015 मध्ये संपले. हार्बरवर 9 एप्रिल 2016 च्या रात्री शेवटची डीसी लोकल धावली. यात पुलांनी मोठा वेळ खाल्ला. 25 हजार व्होल्टच्या तारेला लोखंडापासून जास्त अंतर लागते आणि ब्रिटिशकालीन पूल डीसीच्या मापाने बांधलेले. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पुलाखाली वेगमर्यादा घालावी लागली. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल तर जानेवारी 2016 मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडावाच लागला.

डब्याचे आयुष्य 25 वर्षे धरतात, पण मुंबईची खारी, दमट हवा ते सहज गाठू देत नाही. पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने होणारी संपूर्ण डागडुजी, मध्य रेल्वेचे माटुंग्याला, पश्चिमचे महालक्ष्मीला. डबा उचलून बोगी वेगळ्या करतात. चाकांची मापे घेतात, धुरांची अल्ट्रासॉनिक तपासणी करतात, मोटरी उघडतात. गंज बहुधा ठरलेल्या जागीच सापडतो : दाराच्या उंबऱ्याखाली, बाजूची भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आणि तळाच्या पत्र्याच्या खोलगट पन्हळीत. छत्र्यांचे आणि ओल्या बुटांचे पाणी तिथे जाऊन बसते, निघायला वाट नसते. वरून रंग धड दिसतो, टोकदार हातोडीने ठोकले की पत्रा आत जातो. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, प्रायमर लावायचा आणि पाणी जायची भोके मोकळी करायची. शेवटचे काम सर्वांत स्वस्त, आणि ते राहिले तर बाकीचे सगळे वाया. अलीकडचे स्टेनलेस स्टीलचे डबे या बाबतीत फार मोठा दिलासा आहेत.

पुराचे दुखणे वेगळे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला आणि ठिकठिकाणी रेक पाण्यात अडकले. मोटरी धुरेला लटकलेल्या, म्हणजे रुळाच्या अगदी जवळ. पाणी शिरलेली मोटर नुसती पुसून चालत नाही. ती काढून धुवावी लागते, भट्टीत वाळवावी लागते, मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) इन्सुलेशन जमल्यावरच परत बसवता येते. गिअरकेसमधले तेल दुधाळ झाले असेल तर तेही टाकायचे.

एसी, म्हणजे इथे वातानुकूलित, लोकललाही जुन्या मापांनी अडवले. आयसीएफने बांधलेला, भेलच्या यंत्रणेचा पहिला रेक एप्रिल 2016 मध्ये मुंबईत आला तो मध्य रेल्वेसाठी. छतावरच्या सामग्रीमुळे तो थोडा जास्त उंच भरला आणि सीएसएमटी-कुर्ला पट्ट्यातले पूल आड आले. अखेर 25 डिसेंबर 2017 ला तो पश्चिम रेल्वेवर धावला. 1028 आसने, उभे धरून 5964 प्रवासी. पुढच्या रेकांमध्ये विजेची यंत्रणा डब्याखाली गेली, तेव्हा उंचीचा प्रश्न सुटला आणि जानेवारी 2020 मध्ये ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर मध्य रेल्वेची एसी सेवा सुरू झाली. अर्थात डब्याखाली गेलेल्या यंत्रणेला पाण्यापासून जपणे ओघाने आलेच.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ वळणावर फूटबोर्डवरचे प्रवासी पडून मृत्यू पावले, त्यानंतर बिगर-एसी गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे लावायचे रेल्वेने ठरवले. दारे मिटली तर हवा कुठून, हा जुनाच प्रश्न पुढे येतो. म्हणून आराखड्यात तीन गोष्टी एकत्र आहेत : दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि गर्दी पुढेमागे सरकावी म्हणून डब्यांना जोडणारी वाट. प्रत्यक्षात तिन्ही एकमेकींवर अवलंबून आहेत. मे महिन्यात, दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी अडकून ब्लोअरची वीज गेली, तर गच्च डब्याला झडपांतून आपसूक येणारी हवा किती वेळ पुरते, हे भरलेल्या भाराची नक्कल करून मोजले पाहिजे. दारांचा दुसरा हिशेब सेकंदांचा आहे. एका दारात बॅग अडकली तरी सगळी गाडी सुटत नाही, आणि गर्दीच्या वेळी मागची लोकल तीन मिनिटांवर उभी असते.