मानवी तस्करी प्रतिबंध, कोल्हापूर जिल्ह्यातील

मानवी तस्करी प्रतिबंध : धाक, फसवणूक, आमिष किंवा असहायतेचा गैरफायदा घेऊन माणसाला शोषणासाठी मिळवणे, नेणे, ठेवून घेणे वा दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे मानवी तस्करी. ती घडण्याआधीच थांबवण्यासाठी मुलांना आणि त्यांच्या घराला दिलेला आधार हा या नोंदीचा विषय आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (१ जुलै २०२४ पासून; त्यापूर्वी दंड संहितेचे कलम ३७०) त्यासाठी शिक्षा ठरवते. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ती किमान १० वर्षे, जन्मठेपेपर्यंत आहे. ‘ती स्वतःच्या मर्जीने गेली होती’ हा बचाव कायदा मानत नाही.

‘तस्करी’ हा शब्द गावात कुणी वापरत नाही. ‘पोरगीला मुंबईला कामाला लावली’, ‘पोराला उचल घेऊन पाठवलं’, ‘स्थळ सांगून आलं, खर्च त्यांनीच केला’ अशा साध्या वाक्यांत ती येते, म्हणून ओळखू येत नाही. ‘मानवी वाहतूक’ हा सरकारी पर्यायही दिशाभूल करतो. गुन्ह्यासाठी हद्द ओलांडावी लागत नाही. आपल्याच तालुक्यात, डांबून ठेवलेल्या मजुराबाबतही तो घडतो.

पूर्वपीठिका : गडहिंग्लज परिसर आणि सीमेपलीकडचा निपाणी भाग येथे मुलीला यल्लम्मा देवीच्या नावाने सोडण्याची, म्हणजे देवदासी करण्याची, चाल होती. केसांत जट दिसली, घरात आजारपण आले, मुलगा नाही, अशा कारणांनी लहान मुलीच्या गळ्यात मोती बांधले जात. यल्लम्माचे मुख्य स्थान बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथे आहे. सोडलेल्या मुलींपैकी अनेकींची वाट पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्त्यांत गेली. नवस देवीचा होता, पण मुलगी बहुधा दलित आणि भूमिहीन घरातलीच असे. श्रद्धेइतकीच गरिबीही यामागे होती, हे लक्षात घेतल्याशिवाय ही प्रथा कळत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये संस्थानात जोगतिणी-देवदासींबाबत कायदा केला. त्याआधी, १९१७ मध्ये, त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. जातवार वसतिगृहे, वेठीला बंदी, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी रद्द करणे हीदेखील त्याच काळातली कामे. आज ज्याला प्रतिबंध म्हणतात त्याची जवळजवळ सगळी अंगे त्यांत दिसतात. पुढे १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली आणि प्रश्न उघडपणे बोलला जाऊ लागला. कर्नाटकाने १९८२ मध्ये, महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले.

ऊसतोड आणि वीटभट्ट्या : आज जिल्ह्यातील सर्वांत असुरक्षित मुले हंगामाबरोबर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू होताना बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून टोळ्या उतरतात. टोळी जमवणारा मुकादम दिवाळीआधी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. आजारपणामुळे काम बुडाले की ‘खाडा’, म्हणजे पैशांची कपात, लागतो आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. उचल घेतल्याच्या बदल्यात काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे, ही वेठबिगारीची खूण १९७६ च्या कायद्यानेच सांगितली आहे. तरीही या नजरेने उसाच्या फडाकडे फार थोडे अधिकारी पाहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

आई-बाप पहाटेच फडात जातात. कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या खोपट्यांवर, उरते आठ-दहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटे भावंड घेऊन. तिची शाळा गावाकडे राहिलेली असते. बारा-तेराची झाली की तिला कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून लग्न उरकले जाते, आणि पुढच्या हंगामाला एक नवा कोयता तयार होतो. हा बालविवाह २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण आई-बापाच्या दृष्टीने ती पोरीची राखण असते. कोपीजवळ सुरक्षित पाळणाघर आणि शाळा असली, तर हे लग्न लांबवायला त्यांच्या हाती कारण मिळते. कोल्हापुरातील ‘अवनि’ या संस्थेने अनुराधा भोसले यांच्या पुढाकाराने वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोड वस्त्यांवर नेमके हेच काम केले. शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो की दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकाला हे ठाऊक असले, तर फडाजवळची जिल्हा परिषद शाळा डिसेंबरातही मूल घेऊ शकते.

लग्नाच्या वाटेने होणाऱ्या फसवणुकीचे बीज जिल्ह्यातच आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. त्या पिढीतील मुलांची लग्ने जमेनात, तेव्हा गरीब भागांतून पैसे घेऊन मुलगी ‘आणून देणारे’ मध्यस्थ उभे राहिले. मुलीचे वय किती, पैसे कुणाला मिळाले आणि तिला परत जाता येते का, हे तीन प्रश्न अशा लग्नात विचारलेच पाहिजेत.

घर सावरणारी मदत : वडील वारले, आई आजारी पडली, महापुरात घर गेले (२००५, २०१९, २०२१) की ओळखीचा माणूस ‘पोराला पोटाला लावतो’ म्हणत दारात येतो. त्या दोन-तीन महिन्यांत घरात पैसा आणि सल्ला पोचला, तर मूल घरी राहते. राज्याची बालसंगोपन योजना एकल पालक, अनाथ आणि गंभीर आजाराने ग्रासलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यातील प्रायोजकत्वाची रक्कम ४,००० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास यंत्रणेकडे जातो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते हे सगळे जमवताना रोजंदारीवरच्या विधवेचे किती दिवस बुडतात, याचा विचार योजनेत दिसत नाही. अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक बरोबर गेले की ते काम होते, एरवी राहते. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक असलेली ग्राम बालसंरक्षण समिती कागदावर गावोगाव आहे. शाळेतून आठ दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जाणे एवढे जरी तिने केले, तरी पुष्कळ होते.

बालन्याय अधिनियम (२०१५) नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. कोल्हापुरातील बालकल्याण संकुलासारख्या संस्थांची गरज संपलेली नाही. पण केवळ गरिबीमुळे मूल तिथे पोचू नये.

हरवलेली मुले : १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळवून चोरीसाठी वापरणाऱ्या आणि त्यांतील काहींचा जीव घेणाऱ्या बहिणींचा खटला कोल्हापूरच्या न्यायालयात चालला, २००१ मध्ये शिक्षा झाली. त्या प्रकरणाने पालकांच्या मनात ‘पोरं पळवणारी बाई’ कायमची बसवली. प्रत्यक्षात मूल नेणारा बहुधा नात्यातला, गल्लीतला किंवा मुकादमाच्या ओळखीचा असतो, आणि अनोळखी माणसाच्या भीतीत तो नजरेआड होतो. मूल हरवल्याची तक्रार आल्यास गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. १०९८ किंवा ११२ वर कुणालाही कळवता येते. सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

सुटकेनंतर : महामार्ग, रेल्वे आणि कर्नाटकाची सीमा यांमुळे कोल्हापुरात सापडलेले मूल पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्याचे किंवा राज्याचे निघते. त्याला तिथल्या समितीकडे सोपवले की इथली फाइल बंद होते. घरची उचल तशीच असेल, तर तेच मूल पुढच्या हंगामात पुन्हा निघते. म्हणून पोचवल्यानंतरची गृहभेट, घराचे कर्ज तपासणे आणि वेठबिगार ठरल्यास मुक्तता प्रमाणपत्र मिळवून देणे ही कामे सुटकेइतकीच महत्त्वाची आहेत. शाळेपुरती ही साखळी शिक्षण हमी कार्डाने जोडली आहे. एप्रिलमध्ये टोळी परत निघताना कार्डावर इथल्या शाळेची नोंद असली, तर गावाकडचे गुरुजी मुलाला पुढच्या वर्गात बसवून घेतात.