‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग खेळासाठी जन्मले नव्हते

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवून खेळायच्या कल्पनारम्य खेळातील ‘फरगॉटन रेल्म्स’ (विस्मृतीत गेलेली राज्ये) हे काल्पनिक जग, खेळाची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीने १९८७ मध्ये खेळासाठीच घडवले, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. वास्तविक ते वर्ष या जगाची माहिती देणाऱ्या पेटीबंद खेळसंचाच्या प्रकाशनाचे आहे. कॅनडातील एड ग्रीनवुड यांनी १९६०च्या दशकात, शाळकरी वयात, स्वतःच्या कथांसाठी हे जग रचण्यास सुरुवात केली होती आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मूळ खेळ त्यानंतर, १९७४ मध्ये आला. पुढे या खेळाला वाहिलेल्या ‘ड्रॅगन’ मासिकातील त्यांच्या लेखांमुळे ते जग कंपनीच्या नजरेत भरले.

नावाचा संबंधही त्या जगातील लयाला गेलेल्या राज्यांशी लावला जातो, तो तितकासा खरा नाही. पृथ्वीला त्या जगाशी जोडणाऱ्या वाटा एके काळी होत्या आणि पृथ्वीवासीयांना त्यांचा विसर पडला, ही ग्रीनवुड यांची मूळ कल्पना त्यामागे आहे. मात्र सारे श्रेय त्यांना देणेही (चाहत्यांचा हा दुसरा अतिरेक) योग्य नाही: हे जग ज्या ग्रहावर आहे त्याचे ‘टोरिल’ हे नाव टीएसआरचे रचनाकार जेफ ग्रब यांच्या स्वतःच्या खेळातून आले, तर तेथीलच डग्लस नाइल्स यांनी वेगळ्याच प्रकल्पासाठी कल्पिलेली मूनशे बेटे नंतर या नकाशात बसवण्यात आली.