‘कुणाला घ्यायचं?’ या वादामागची साठ वर्षं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३० जूनच्या संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे १ जुलै लागलेली असते आणि घड्याळात पहाटेचे साडेतीन. त्या मिनिटापासून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या संघांना दुसऱ्या संघांच्या करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी करता येतात. या खेळाडूंना म्हणायचं फ्री एजंट. त्याआधी महिनाभर प्रत्येक शहरात एकच वाद रंगलेला असतो: आपल्या संघाने कुणाच्या मागे लागायचं? सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू घ्यायचा की लांबून नेम साधणारा शूटर? तिशी ओलांडलेल्या मोठ्या नावावर पैसे लावायचे की पंचविशीतल्या पोरावर?

आपल्याला आयपीएलचा लिलाव ओळखीचा आहे. तिथे संघ बोली लावतात आणि खेळाडू टीव्हीसमोर बसून आपण कुठे जाणार ते बघतो. एनबीएत उलटं आहे. करार संपला की निवड खेळाडू करतो आणि संघ त्याच्या दारी जातात. हा हक्क त्यांना कुणी आपण होऊन दिलेला नाही. तो कोर्टात जाऊन मिळवावा लागला आणि त्यात बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत नियम जसजसे बदलले, तसतसा ‘कुणाला घ्यायचं’ या प्रश्नाचा अर्थही बदलत गेला. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. वादात आधी नाव येतं, मग रक्कम. ‘त्याच्यापायी घरातलं काय जाणार?’ हा प्रश्न कुणी विचारलाच, तर सगळ्यात शेवटी. इतिहास बघितला तर संघ घडले आणि बुडाले ते याच प्रश्नावर.

सुरुवातीच्या काळात वाद घालायला जागाच नव्हती. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा संघाचा हक्क संपत नसे. संघ तोच करार पुढे चालू ठेवू शकत होता, पुन्हा पुन्हा. खेळाडूपुढे दोनच वाटा: मिळेल त्या पगारावर खेळा, नाहीतर घरी बसा. १९६७ मध्ये एबीए ही दुसरी लीग निघाली आणि एनबीएतल्या रिक बॅरीने तिकडे जायचं ठरवलं, तेव्हा कोर्टाच्या आदेशामुळे त्याला १९६७-६८ चा अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं. तो त्याआधीच्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता.

दोन लीग झाल्यामुळे खेळाडूंचे पगार चढू लागले, म्हणून मालकांना त्या एकत्र करायच्या होत्या. एप्रिल १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन हा खेळाडू या एकत्रीकरणाविरुद्ध कोर्टात उभा राहिला. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि त्याच्यासोबत प्रत्येक संघातला एकेक असे एकूण चौदा खेळाडू होते. खटला सहा वर्षं चालला. १९७६ मध्ये तडजोड झाली तेव्हा रॉबर्टसन निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली होती. त्याच्या लढ्याचं फळ त्याला स्वतःला चाखता आलं नाही, ही गोष्ट मला आजही चटका लावून जाते. दरवर्षी १ जुलैला जे कोट्यवधी डॉलरचे आकडे झळकतात, त्यांच्या तळाशी या माणसाची सही आहे.

तडजोडीत एक पाचर मात्र राहिली. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात जाऊ शकत होता, पण त्याला घेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची: खेळाडू, ड्राफ्टमधली (संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातली) निवड, रोख रक्कम, काहीही. आपसात जमलं नाही तर लीगचा प्रमुख, म्हणजे कमिशनर ठरवणार. या काही वर्षांतले किस्से आज कुणाला फारसे आठवत नाहीत. मला विचाराल तर या विषयाचं सगळं सार तिथेच आहे.

१९७६ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझने गेल गुडरिचला घेतलं. लॉस एंजेलिस लेकर्सचा हा गार्ड नावाजलेला होता, पण वय ३३. भरपाईत जॅझने लेकर्सना जे दिलं त्यात १९७९ ची पहिल्या फेरीची निवड होती. पहिल्याच हंगामात गुडरिचच्या घोट्यामागची शीर दुखावली आणि तो जेमतेम २७ सामने खेळला. १९७८-७९ मध्ये जॅझ तळाला गेले. त्या काळी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होऊन पहिली निवड ठरायची. शिकागो बुल्सने हेड्स मागितलं, नाणं टेल्स पडलं. निवड लेकर्सकडे गेली आणि त्यांनी मॅजिक जॉन्सनला घेतलं. पुढे पाच विजेतेपदं. तीन वर्षांपूर्वी एका उतारवयाच्या गार्डवर घेतलेल्या निर्णयाचा असा हिशेब निघाला.

१९७८ चा किस्सा तसाच. न्यूयॉर्क निक्सना उंच सेंटर हवा होता. सिॲटल सुपरसॉनिक्सचा मार्विन वेबस्टर नुकताच अंतिम फेरी गाजवून आला होता, त्याला त्यांनी उचललं. भरपाईत सिॲटलला लॉनी शेल्टन हा दणकट फॉरवर्ड मिळाला, वर निवड आणि रोकड वेगळी. पुढच्याच वर्षी सिॲटल विजेते झाले आणि शेल्टन त्या संघाच्या पहिल्या पाचांत होता. वेबस्टरला न्यूयॉर्कमध्ये तो सूर पुन्हा कधी गवसला नाही.

१९८१ पासून भरपाई गेली आणि तिच्या जागी जुन्या संघाला बरोबरी करण्याचा हक्क आला. बाहेरच्या संघाने जो आकडा दिला तोच देऊन खेळाडू आपल्याकडे राखायचा. आयपीएलमधल्या ‘राइट टू मॅच’चाच भाऊबंद. मग मार्च १९८३ च्या करारात सॅलरी कॅप आली, म्हणजे पगारावरच्या एकूण खर्चाला मर्यादा. खेळाडूंना लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा कबूल झाला आणि १९८४-८५ साठी मर्यादा ठरली ३६ लाख डॉलर. तीत पळवाटही ठेवली: स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर मर्यादा ओलांडता येईल. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून तिला ‘बर्ड’चं नाव पडलं. बाहेरचा माणूस आणायचा असेल तर मात्र मर्यादेखाली जागा करायलाच हवी. आजच्या वादातला ‘कॅप स्पेस’ हा शब्द तेव्हाचा.

खऱ्या अर्थाने मोकळा झालेला पहिला खेळाडू म्हणजे टॉम चेंबर्स. सात वर्षं आणि दोन करार पूर्ण केलेल्यांना कोणत्याही अटीशिवाय जाऊ द्यायचं, असं १९८८ मध्ये ठरलं. त्या जुलैत तो सिॲटल सोडून फिनिक्स सन्सकडे गेला. सन्सने आधीच्या हंगामात २८ सामने जिंकले होते, त्याच्यासह पहिल्या हंगामात ५५. मार्च १९९० मध्ये त्याने एका सामन्यात ६० गुण केले, तेही सिॲटलविरुद्ध. एकट्या बाहेरच्या माणसाने संघाचं नशीब फिरतं, हा विश्वास या उदाहरणाने पक्का केला.

मग आला १९९६ चा उन्हाळा. शकील ओ’नील २४ वर्षांचा होता, ऑर्लँडो मॅजिकला त्याने अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं आणि त्याचा करार संपला होता. ऑर्लँडो सेंटिनेल या तिथल्या वर्तमानपत्राने वाचकांना सरळ विचारलं: शॅकला सात वर्षांसाठी साडेअकरा कोटी डॉलर द्यावेत का? ९० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, नाही. ओ’नील तेव्हा ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या संघासोबत होता. हा कौल त्याच्या जिव्हारी लागला. जुलैतच तो सात वर्षं आणि सुमारे १२ कोटी डॉलरच्या करारावर लेकर्सकडे गेला. २०००, २००१ आणि २००२ ची विजेतेपदं लॉस एंजेलिसला गेली. रकमेवरून वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हा कौल ध्यानात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. ते वाचक काही मूर्ख नव्हते. आकडा खरंच डोळे पांढरे करणारा होता. पण असा सेंटर पुन्हा कुठून आणणार, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

लेकर्सचा कारभार बघणाऱ्या जेरी वेस्टने शॅकसाठी जागा कशी केली ते बघण्यासारखं आहे. त्याने व्लादे दिवाच हा आपला चांगला, लोकांचा लाडका सेंटर शार्लटला देऊन टाकला. बदल्यात आला १३ व्या क्रमांकावर निवडलेला, शाळेतून थेट आलेला मुलगा, कोबी ब्रायंट. दिवाचला जायचं नव्हतं. त्यापेक्षा खेळणंच सोडतो म्हणाला होता. वेस्टच्या एका सौद्याने दोन खुर्च्या भरल्या आणि दिवाच घराबाहेर पडला.

हाच दिवाच १९९९ च्या जानेवारीत फ्री एजंट म्हणून सॅक्रामेंटो किंग्जकडे आला. वर्षानुवर्षं तळाशी लोळणारा हा संघ त्याच्या आणि ख्रिस वेबरच्या पासिंगवर उभा राहिला. २००२ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत समोर लेकर्स. चौथा सामना, किंग्ज दोन गुणांनी पुढे, काही सेकंद शिल्लक. कोबीचा प्रयत्न हुकला. शॅकचाही हुकला. रिंगखालच्या गर्दीतून दिवाचने चेंडू बाहेर थापटला. तो जाऊन पडला रॉबर्ट ऑरीच्या हातात, तीन गुणांच्या रेषेमागे, एकटाच. चेंडू हवेत असतानाच भोंगा वाजला. लेकर्स १००, किंग्ज ९९. ती मालिका किंग्ज सातव्या सामन्यात हरले. कोबीची निवड, शॅकचा करार आणि बाहेर काढलेला दिवाच, १९९६ चे तिन्ही धागे त्या एका चेंडूभोवती जमले होते.

दरम्यान १९९८-९९ मध्ये मालकांनी खेळाडूंविरुद्ध केलेल्या टाळेबंदीनंतर एकेका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आली. सर्वश्रेष्ठ खेळाडू त्यामुळे त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळू लागला आणि त्याच्या दोन पायऱ्या खालचा खेळाडूही तोच कमाल आकडा मागू लागला. २००० मध्ये ऑर्लँडोने ग्रँट हिल आणि ट्रेसी मॅग्रेडी हे दोघं आणले. हिलसाठी सात वर्षांचे ९.३ कोटी डॉलर. घोट्याच्या दुखापतीने तो पहिल्या चार हंगामांत मिळून ४७ सामने खेळला. हिल डेट्रॉइटकडून अदलाबदलीच्या सौद्यात आला होता. त्याच्या बदल्यात डेट्रॉइटला जे दोघं दिले त्यातल्या एकाचं नाव बेन वॉलेस. तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि २००४ मध्ये डेट्रॉइट विजेते झाले.

२०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने आपण कुठल्या संघात जाणार ते टीव्हीवर जाहीर केलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. निक्सनी तेव्हा काय मोजलं ते कमी लोकांना ठाऊक असतं. त्या उन्हाळ्यात मर्यादेखाली जागा हवी म्हणून त्यांनी जॉर्डन हिल हा आदल्याच वर्षी निवडलेला तरुण आणि ड्राफ्टमधले हक्क फेब्रुवारीत ह्यूस्टनला दिले. लेब्रॉन मायामीला गेला. निक्सना अमारे स्टूडमायर मिळाला, पाच वर्षं, जवळपास दहा कोटी डॉलर, आणि गुडघे दुखरे.

२०१६ मध्ये टीव्हीच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप ७ कोटींवरून एकदम ९.४१ कोटी डॉलरवर गेली. केव्हिन ड्युरंट आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जाऊ शकला तो या उडीमुळे. पण जवळपास सगळ्याच संघांकडे पैसा आला होता, म्हणून लेकर्सनी तिमोफे मोझगोव्हला चार वर्षांसाठी ६.४ कोटी डॉलर देऊन टाकले. वर्षभरात तो करार गळ्यातली धोंड झाला. मोझगोव्हला खपवायला लेकर्सना डी’अँजेलो रसेल सोबत द्यावा लागला. रसेल २०१९ मध्ये ब्रुकलिनकडून ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गेला.

२०२३ च्या करारानंतर नियम आणखी आवळले आहेत. ‘सेकंड एप्रन’ या वरच्या रेषेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि बाहेरच्यांसाठीची ठरावीक सवलतही मिळत नाही. म्हणून आता वाद मधल्या फळीवर आला आहे. २०२२ मध्ये निक्सनी जेलन ब्रन्सनला चार वर्षांचे १०.४ कोटी दिले तेव्हा बरेच जण म्हणाले, महाग पडला. आज तो त्या संघाचा कणा आहे. २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीने आयझेया हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८.७ कोटींत आणलं आणि २०२५ मध्ये ते विजेते झाले. तरुण खेळाडू आणि निवडी जपून ठेवलेल्या असल्यामुळे त्यांना तो खर्च पेलला.

आणि किंग्ज? २०१३ पासून त्या संघाची सूत्रं मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्यामुळेच किंग्ज वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सराव सामने खेळले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. या संघाविषयी मराठी माणसाला जरा जास्त आपुलकी वाटली तर नवल नाही, मलाही वाटते. म्हणूनच त्यांचे उन्हाळे बघवत नाहीत. २०१७ मध्ये, दिवाचच संघाचा कारभारी असताना, त्यांनी जॉर्ज हिल, झॅक रँडॉल्फ आणि विन्स कार्टर हे तीन मुरलेले खेळाडू घेतले आणि त्या हंगामात २७ सामने जिंकले. हिल फेब्रुवारीतच दुसरीकडे गेला. सोळा वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ २०२३ मध्ये संपला. २०२४ च्या जुलैत त्यांनी डेमार डेरोझन आणला, वय ३४. त्या सौद्यात हॅरिसन बार्न्स सॅन अँटोनियोला गेला आणि पाठोपाठ गेला २०३१ मधली पहिल्या फेरीची निवड अदलाबदल करून घेण्याचा हक्क. पुढच्या हंगामात किंग्ज ४० जिंकले, ४२ हरले. त्या २०३१ च्या ड्राफ्टमध्ये ज्याचं नाव पुकारलं जाईल, तो मुलगा आज कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर खेळतो आहे.