सरकारी वकिलाचा गुन्हा आणि प्रेक्षकाचा निकाल

१९६० मध्ये विल्यम टॉलमन या नटाला एका खासगी पार्टीवरच्या धाडीत अटक झाली आणि सीबीएस वाहिनीनं त्याला ‘पेरी मेसन’ या टीव्ही मालिकेतून काढून टाकलं. मालिकेत तो हॅमिल्टन बर्गर, म्हणजे सरकारी वकील. निरपराध माणसाला खुनाच्या खटल्यात उभं करायचं आणि बचावाचा वकील मेसन याच्याकडून हरायचं, हेच त्याचं दर आठवड्याचं काम. तरी प्रेक्षकांनी त्याच्यासाठी पत्रं लिहिली. कोर्टात आरोप टिकले नाहीत आणि वर्ष संपायच्या आत टॉलमन परतला. आरोपी निर्दोष आहे, तो सुटणार आहे, हे घरात बसलेल्यांना ठाऊक असायचं; मग चुकणाऱ्या वकिलावर रागवायचं कशाला?

१३ सप्टेंबर १९९० ला एनबीसीवर ‘लॉ अँड ऑर्डर’ सुरू झाली आणि पारडं फिरलं. पहिला अर्धा भाग पोलिसांचा, दुसरा सरकारी वकिलांचा. खटला उभा राहीपर्यंत आपण तपासात पोलिसांबरोबर हिंडलेलो असतो, मृताच्या नातेवाइकांचे चेहरे पाहिलेले असतात. बचावाचा वकील उठला की तो अडथळाच वाटतो. १९९४ मध्ये सॅम वॉटरस्टननं रंगवलेला सरकारी वकील जॅक मॅकॉय आला तो अशा तयार प्रेक्षकांपुढे. १९९८ च्या एका भागात दारू पिऊन तिघांना चिरडणाऱ्या माणसावर त्याला खुनाचाच गुन्हा शाबीत करायचा असतो. आरोपी किती प्यायला होता हे सांगू शकणारी साक्षीदार तो बचाव पक्षापासून लपवतो, कारण तो फार नशेत होता हे तिच्या साक्षीतून दिसलं असतं आणि खुनाचा हेतूच डळमळला असता. शेवटी तो माघार घेतो. पण दोन वर्षांपूर्वी त्याची सहकारी क्लेअर किंकेड अशाच दारुड्या ड्रायव्हरनं तिच्या गाडीला धडक दिल्यानं मेली, हे आठवणारा प्रेक्षक तोवर मनानं त्याच्या बाजूला गेलेला असतो. मीही गेले होते, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्येच ‘ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात सांगितलं होतं. मॅकॉय मात्र लाडकाच राहिला, थेट २०२४ पर्यंत.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘व्हेन दे सी अस’ आली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर झालेल्या बलात्काराच्या १९८९ च्या प्रकरणात पाच मुलांना शिक्षा झाली होती आणि २००२ मध्ये ती रद्द झाली. इथे मुलं निर्दोष आहेत हे पहिल्या दृश्यापासून माहीत होतं. बर्गरला मिळालेली माया इथे कुणालाच मिळाली नाही, कारण ही मुलं खरी होती आणि त्यांनी खरोखर तुरुंगात वर्षं काढली होती. त्या वेळी मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयात या प्रकरणावर देखरेख करणाऱ्या आणि पुढे रहस्यकथा लिहिणाऱ्या लिंडा फेअरस्टीन यांच्याविरुद्ध प्रेक्षकांचा इतका संताप उसळला की त्यांच्या प्रकाशकानं त्यांना सोडलं आणि वासर कॉलेजच्या विश्वस्तपदाचा त्यांना राजीनामा द्यावा लागला. मालिकेतलं आपलं चित्रण खोटं आहे म्हणून त्यांनी नेटफ्लिक्सवर दावा लावला. जून २०२४ मध्ये तो मिटला. फेअरस्टीन यांना पैसे मिळाले नाहीत; नेटफ्लिक्सनं १० लाख डॉलर चुकीनं शिक्षा झालेल्यांना सोडवणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेला दिले आणि मालिकेतलं काही कल्पित आहे ही सूचना भागांच्या शेवटून उचलून सुरुवातीला आणली.