काट्यावर उभं करा, कंबरही मोजा

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यात लेकराचं वजन हमखास होतं, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. मोठ्या माणसाला मात्र काट्यावर क्वचितच उभं करतात. ही सवय बदलायलाच हवी.

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर तो २५ येतो. जगभरच्या मोजपट्टीत इथून जादा वजन सुरू होतं. भारतीयांसाठी मात्र हाच आकडा लठ्ठपणाचा. कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

म्हणून शिंप्याचा टेप हवाच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचं. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की शुगर, बीपी तपासावं. पँटच्या नंबरावर विसंबू नका. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो, नंबर तोच राहतो.

घटणारं वजनही तितकंच महत्त्वाचं. ऊसतोडीहून परतलेली बाई वाळली, तर ‘कष्टानं झालं’ म्हणून सोडून देतात. पण प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोमागे अडीच किलो वजन उतरलं, तर क्षय, मधुमेह, क्वचित कर्करोगही शोधावा लागतो. मागचं वजन कागदावर नसेल तर ही घट कळणार कशी?

वजन उतरवायचं तर पाच ते दहा टक्क्यांनीही बीपी आणि शुगरला फरक पडतो. नुसती चपाती सोडून भाकरी धरल्याने वजन उतरत नाही; तोलून पाहिलं तर दोन्ही पिठांतली ऊर्जा जवळपास सारखीच. त्यापेक्षा चहा मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे सुमारे २०० कॅलरी.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यांत झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून वर्षभराने ४६ टक्के रुग्णांचा टाइप २ मधुमेह गोळ्यांविना आटोक्यात होता. त्यांचा आहार काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आसपास होता आणि शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच थांबवल्या होत्या. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून मनानेच जेवण तोडलं, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.