पेटकरांचं सुवर्ण म्युनिकचं नव्हे

‘आपल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये गोल्ड मारलं,’ असं सांगली-इस्लामपूरकडं आजही छातीठोकपणे सांगतात. गोल्ड खरं, गाव चुकलं. 1972चं ते पदक पॅरालिंपिकचं, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेचं; तेही जर्मनीतल्याच हायडेलबर्ग शहरातलं. म्युनिकच्या क्रीडाग्रामाचे पुढं फ्लॅट व्हायचे होते, म्हणून स्पर्धा तिकडं हलवली. ऑलिंपिक सुरू होण्याआधीच ती उरकलीसुद्धा!

युद्धात जखमी झाल्यावर पेटकर पुन्हा बॉक्सिंगला उतरले, हीदेखील ऐकीव गोष्ट. लष्करात ते बॉक्सर होते खरे, पण 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. एक गोळी तर मणक्यातच राहिली. परतले ते पोहायला, आणि ते सुवर्णही पोहण्यातलंच: 50 मीटर फ्रीस्टाइल, 37.33 सेकंद. पद्मश्री मिळायला मात्र 2018 उजाडलं.